म्युनिकच्या गाडीतला आरपार वारा

स्तामेन्काच्या गावात दारूनं कुणी मरत नसे. विडी ओढून, चरबी खाऊन, काळीज थकूनही कुणी मरत नसे. मरत ते सगळे आरपार वाऱ्यानं. दार इकडे उघडं, खिडकी तिकडे उघडी आणि मधे माणूस, एवढं जमून आलं की डॉक्टरानं आपली पेटीसुद्धा उघडू नये. तिचा नवरा वुकोये जन्मभर प्लमची राकिया प्याला, एका जानेवारीत गुत्त्याबाहेरच्या बर्फात आडवा झाला आणि सकाळी उठलाच नाही. गुत्त्याचं दार आणि मागची खिडकी दोन्ही उघडी राहिली होती, असं स्तामेन्का शपथेवर सांगे. गुत्तेवाल्याला तिनं आजतागायत क्षमा केलेली नव्हती.

तेव्हा भर जुलैत म्युनिकहून बेलग्रेडला निघालेल्या आगगाडीत तिच्या डब्यातल्या खोलीची खिडकीही बंद होती आणि बोळाकडचं काचेचं दारही बंद होतं, हे वेगळं सांगायला नको. आत सहा माणसं, एक भाजलेली कोंबडी, उकडलेली अंडी, वरच्या फळीवर दोरीनं बांधलेले खोके, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास. गाडी अजून साल्झबुर्गलाही पोचली नव्हती आणि काच आतून घामेजली होती.

खिडकीशी स्तामेन्का बसली होती. डोईला काळा रुमाल, पायात काळे लोकरीचे मोजे, मांडीवर कॉफीच्या पुड्यांची पिशवी. पलीकडे तिचा एकुलता एक मुलगा रादिशा. छत्तिशी उलटलेली, मोटारींच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. स्वभावानं इतका गरीब की आईला नाही म्हणवत नसे आणि दुसऱ्या कुणालाही नाही म्हणवत नसे, त्यामुळे प्रवासातला बहुतेक वेळ तो बाहेरच्या बोळात सिगारेट ओढत उभा असे. त्याच्या शेजारी एल्के. दाताच्या दवाखान्यात काम करणारी, लांब हाडाची, वाळल्या गवताच्या रंगाच्या केसांची जर्मन पोरगी. स्तामेन्काची होणारी सून.

म्हणजे रादिशाच्या मते होणारी. स्तामेन्काचं मत वेगळं होतं.

उरलेल्या तिघांत एक कोस्ता मिस्त्री, म्युनिकमध्ये भिंती गिलाव्यानं गुळगुळीत करता करता म्हातारा झालेला, दोन्ही भाषा सारख्याच चुकीच्या बोलणारा. दारापाशी झागोर्का नावाची भरदार बाई, जिचा मुलगा एसेनला होता आणि जिला त्याच्याबद्दल कुणी विचारू नये असं वाटे. तिच्या खांद्यावर तिचा नवरा, जो गाडी हलताच झोपला होता आणि या गोष्टीत पुढे उठत नाही.

स्तामेन्काच्या मनात काय होतं ते तिच्या घरापासून सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी रादिशा जर्मनीला गेला तेव्हा तिनं रीतीप्रमाणं त्याच्या पाठीमागं उंबऱ्यावर पाणी ओतलं होतं. जाणाऱ्याची वाट पाण्यासारखी सुरळीत व्हावी, आणि परतीचीही. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. दरवर्षी विचारलं की दोनच वर्षं उरलेली असत. दरम्यान त्यानं पाठवलेल्या पैशातून गावात दुमजली घर उभं राहिलं. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसले. खालच्या मजल्यावर स्तामेन्का राहू लागली, म्हणजे खालच्या स्वयंपाकघरात. वरचा मजला रादिशासाठी. तिथं पलंग आला, त्याच्या गादीवरचं प्लास्टिक तसंच राहिलं. पडदे आले, ते उन्हानं विटले, नवे आले. सगळ्या गावाची हीच कथा. रस्त्यावरून पाहिलं तर गाव नव्हे, शहरच वाटे, आणि त्या शहरात दर दुमजली घरामागं एक म्हातारी, एक कुत्रा आणि दोन सिमेंटचे सिंह एवढीच वस्ती होती. मक्याची कणसं सोलताना बायका गात:

गाडी गेली माझे बाई, धूर राहिला अंगणी
लेक माझा परदेशी, मी मजल्याची राखणी

आणि मग त्या एकमेकींना सांगत, माझा पुढच्या वर्षी येतोय. ऐकणारीही मान हलवी, कारण तिलाही नंतर तेच सांगायचं असे.

या वर्षी स्तामेन्का स्वतःच म्युनिकला गेली होती, लेकाला कानाला धरून आणायला. तिथं तिला एल्के दिसली. सहा आठवडे तिनं त्या पोरीला पाहिलं. रोज सकाळी सातच्या ठोक्याला ती घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडी, कुत्र्याला फिरवून आणावं तशी हवा फिरवून आणी. तेवढा वेळ स्तामेन्का न्हाणीघरात कडी लावून बसे आणि वुकोयेचं स्मरण करी. रादिशानं आईला बाजूला घेऊन सांगितलं की एल्के घर पाहायला येते आहे, तिला घर आवडलं की झालं, दोन वर्षांत दोघंही गावात. स्तामेन्का बरं म्हणाली. तिचा हिशेब सरळ होता. ही पोरगी सुटली की पोरगा सुटेल, एकटा पडेल, आणि एकटा पडलेला पुरुष आईच्या सूपाकडे येतोच. आणि ही पोरगी सुटायला या गाडीइतकी चांगली जागा नव्हती. जी बाई आपल्या माणसांबरोबर बेलग्रेडपर्यंत जाऊ शकत नाही ती आपल्यात नांदणार कशी, असं तिनं म्युनिकच्या फलाटावरच ठरवून टाकलं होतं. फिलाखच्या स्टेशनावर उतरून परतीची गाडी धरता येते, हेही तिनं चौकशी करून ठेवलं होतं.

साल्झबुर्ग गेल्यावर एल्केनं पहिल्यांदा खिडकी उघडली. हसून, सगळ्यांची परवानगी घेतल्यासारखी मान लववून. झागोर्कानं तितक्याच गोड हसून ती बंद केली. एल्केनं मग दार उघडलं. ते कोस्तानं बंद केलं. पोरगी पुन्हा उठली, पुन्हा खिडकी खाली केली, आणि कपाळावर हात ठेवून दाखवलं की डोकं चढतंय. स्तामेन्कानं कोस्ताला सांगितलं, तिला म्हणावं, डोकं चढलेलं उतरतं, आरपार वाऱ्यानं गेलेलं माणूस येत नाही. कोस्तानं ते जर्मनमध्ये सांगितलं. एल्केनं विचारलं की मग इतक्या वर्षांत म्युनिकमध्ये तो स्वतः जिवंत कसा. कोस्ता जरा विचारात पडला आणि म्हणाला की त्याला मानदुखी आहे.

खिडकी बंदच राहिली. स्तामेन्का मनात खूश होती. पोरीच्या गालांवर लाल चकंदळं उठली होती, आणि फिलाख अजून दूर होतं.

मग एल्के टॉवेल घेऊन बाहेर गेली. बऱ्याच वेळानं परत आली ती केसांतून पाणी टिपकत. नळाखाली डोकं धुऊन आली होती. आत आली, दार मागं उघडंच टाकलं, कुणी काही बोलायच्या आत दोन पावलांत खिडकीशी पोचली, काच खाली ओढली आणि ओलं डोकं बाहेरच्या वाऱ्यात धरून डोळे मिटून उभी राहिली. चेहऱ्यावर असं सुख, जसं गायीला नदी दिसल्यावर होतं.

ओलं डोकं आणि आरपार वारा. झागोर्कानं स्वतःवर क्रूसाची खूण केली. कोस्तानं टोपी काढली.

आणि स्तामेन्का, जिनं या पोरीला वाटेतून घालवायचा पण केला होता, ती कॉफीची पिशवी खाली लोटून उठली. तिनं खांद्याला धरून एल्केला आत ओढलं, काच धाडकन वर केली, पायानं दार ढकललं, आणि आपल्या डोईचा काळा रुमाल सोडून त्या ओल्या डोक्याभोवती असा करकचून बांधला की एल्केचे डोळे तिरके झाले. “हिला आई नाही का कुणी?” ती पुटपुटत होती. “हिला कुणी शिकवलंच नाही का? डोक्यातून खाली उतरतो गं वारा, थेट कमरेत उतरतो, मग पोरं कशी व्हायची?”

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. शत्रू आपल्या पायानं विहिरीकडे चालला होता आणि आपण त्याला वेणीला धरून मागं ओढलं. ती रागानं खाली बसली. पांढऱ्या केसांचा अंबाडा उघडा पडलेला, असा तो चारचौघांत वुकोयेच्या मर्तिकानंतर पहिल्यांदाच उघडा पडला होता. एल्के रुमालाच्या गाठीला हात लावून तिच्याकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. गाठ घट्ट होती म्हणून असेल. पण तिनं ती सोडली नाही.

डोंगर सुरू झाले होते. स्तामेन्कानं ठरवलं की हयगय पुरे. तिनं कोस्ताला मधे बसवलं आणि पोरीला गावाची माहिती द्यायला सुरुवात केली. पावसाळी दिवसांत चिखल गुडघ्याला लागतो, म्हणावं. संडास प्लमच्या झाडांपलीकडे आहे आणि वाटेत नर हंस बसलेला असतो, तो चावतो. शेजारच्या बायका पहाटे दार न वाजवता आत येतात आणि पलंगाशी उभ्या राहून विचारतात, काय, अजून पाळणा नाही का? डुक्कर कापायचा दिवस असतो त्या दिवशी आतडी सुनेनं धुवायची. हिवाळ्यात पाईप गोठतात, मग विहीर. तिनं एक लांडगाही घातला, जो गावात तिच्या आजीनंतर कुणी पाहिलेला नव्हता.

आता कोस्ताचा एक नियम होता. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना वाईट माल सीमेवरच उतरवून ठेवायचा. या नियमानं त्यानं तीन लग्नं आणि एका घरमालकाचा जीव वाचवला होता. तो एल्केला म्हणाला की बाई सांगताहेत, गाव निसर्गाच्या फार जवळ आहे, प्राणी पुष्कळ आहेत आणि शेजारी प्रेमळ आहेत.

एल्केचा चेहरा उजळला. ती भराभरा बोलली, हात पसरून, खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे, मग स्तामेन्काकडे. कोस्तानं ऐकून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, “ती म्हणते, ऑगस्ट महिना फार सुंदर.”

पण स्तामेन्काच्या गावातल्या कुठल्याही आईला जर्मन येत नसलं तरी त्या भाषेतला एक शब्द सगळ्यांना येई. सुट्टी. लेकांच्या तोंडून तो शब्द वर्षानुवर्षं ऐकलेला असे. सुट्टी मिळाली, सुट्टी संपली. कुत्र्यांनासुद्धा तो कळे. एल्केच्या बोलण्यात तो शब्द आला होता, आणि एकदा नाही, तीनदा.

“कोस्ता मिस्त्री,” स्तामेन्का शांतपणे म्हणाली, “ती सुट्टी म्हणाली.”

“तसं नव्हे बाई, तिच्या म्हणण्याचा रोख असा की...”

“रोख राहू दे. ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांग.”

कोस्ता म्हणाला की शब्दाला शब्द सांगायला वकील लागतो, तो गिलावेवाला आहे. तेव्हा स्तामेन्का उठली. तिनं एक हात खिडकीच्या कडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं जागेजवळ उभी ठेवलेली आपली छत्री लांब करून तिची मूठ दाराच्या खाचेत अडकवली. आता तिनं एक हिसका इकडे आणि एक हिसका तिकडे दिला असता तर काम झालं असतं, आणि कोस्ता बरोबर मधे बसला होता.

“सांगतोस की उघडू?”

“अहो बाई, माझी मान.”

“मग मान वाचव.”

झागोर्काचं तोंड पांढरं पडलं. तिचा काय गुन्हा, असं ती विचारू लागली, निदान झोपलेल्या नवऱ्याला तरी बोळात नेऊ दे म्हणाली. स्तामेन्का म्हणाली, मरू देत आज सगळेच. तिच्या आवाजात असं काही होतं की कोस्तानं कॉलर वर केली आणि पहिल्यांदाच आपला नियम मोडला.

त्यानं सांगितलं की एल्के दोन आठवड्यांच्या सुट्टीबद्दल बोलत होती. दरवर्षी ऑगस्टमध्ये दोन आठवडे त्या घरी यायचं, असं रादिशानं तिला सांगितलं आहे. ऑक्टोबरात म्युनिकला लग्न आहे. तिथंच तिसऱ्या मजल्यावरची जागा दोघांनी मिळून घेतली आहे. गावी राहायला जायचं असं कधी ठरलंच नव्हतं.

स्तामेन्काचा हात कडीवर तसाच होता. “आणखी काय म्हणाली? एवढं लांब बोलली ती.”

कोस्तानं एल्केला पुन्हा विचारलं. एल्के हळूहळू बोलली, रुमालाची टोकं हातात धरून, आणि या वेळी कोस्तानं खरोखरच शब्दाला शब्द सांगितलं.

“ती म्हणते, माझी आई मला रोज सांगते, माझ्याच गल्लीत घर घे. तुम्ही मात्र रादिशाला म्हणालात, तू जिथं सुखी असशील तिथं राहा, माझी काळजी करू नकोस. असं म्हणणारी आई मी पाहिली नाही, म्हणते. आईला एकटं टाकणाऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं नसतं. पण तुम्ही असं म्हणालात हे रादिशानं सांगितलं, त्या दिवशी तिनं त्याला हो म्हटलं.”

झागोर्का आपल्या नवऱ्याच्या टकलाकडे पाहत राहिली.

स्तामेन्कानं काचेतून बोळाकडे पाहिलं. रादिशा तिथं उभा होता. सिगारेट हातात जळत होती आणि तो ती ओढत नव्हता. आतलं सगळं त्यानं पाहिलं होतं. ऐकू आलं नसेल, पण कळायला ऐकावं लागत नव्हतं. लहानपणी भोपळ्याच्या मळ्यात वासरू शिरलं की तो असाच उभा राही, मान आत घेऊन, मार कुठल्या बाजूनं येतो याची वाट बघत.

आता एक शब्द पुरे होता. मी असं कधीच म्हटलं नाही. एवढंच कोस्ताला सांगायचं आणि तो मानेच्या भीतीनं ते जसंच्या तसं पोचवणार होता. पोरगी फिलाखला उतरली असती, रुमाल परत करून. ज्यासाठी स्तामेन्का म्युनिकपर्यंत गेली होती ते तिच्या ओठांवर येऊन बसलं होतं.

तिनं ते तोंडात घोळवलं. पोरगी उतरेल, मग हा काय करील? हा आपल्याबरोबर येईल, वरच्या मजल्यावर प्लास्टिक घातलेल्या गादीवर बसेल, आणि जेवायच्या वेळी खाली येऊन माझ्याकडे असा बघेल. आठ दिवस. मग म्हणेल, आई, सुट्टी संपली. जाईल आणि तिसऱ्या मजल्यावर एकटा राहील, आणि मला दोन मजले एकटीचे. शिवाय, खरं सांगायचं तर, आणखीही एक गोष्ट होती. जन्मात कुणी तिला एवढं चांगलं म्हटलेलं नव्हतं. चारचौघांसमोर तर नाहीच. लेकानं तिला न विचारता तिच्या नावावर एवढा मोठेपणा लिहून ठेवला होता. तो नाकारायला बाईचं काळीज फार घट्ट लागतं, आणि झागोर्का ऐकत होती.

तिनं छत्री दारातून काढली आणि बसली. उघड्या केसांवरून हात फिरवला.

“सांग तिला,” ती म्हणाली, “मी म्हणाले होते.”

कोस्तानं सांगितलं.

“पण तिला म्हणावं, हा पोरगा लहानपणापासून अर्धंच लक्षात ठेवतो. मी पुढंही म्हणाले होते. मी म्हणाले होते, पोरं झाली की शाळा सुटल्या दिवशी त्यांना माझ्याकडे घालायचं, ती शाळा भरेपर्यंत. दर वर्षी. आणि मी म्हणाले होते, दर वसंतात रादिशानं यायचं आणि घराला चुना मारायचा. स्वतःच्या हातानं. दोन्ही मजल्यांना.”

झागोर्कानं मान वर केली. कोस्ता तर अशा बाईकडे पाहावं तशा नजरेनं पाहत होता, जिनं त्याच्याच धंद्यात त्याला मागं टाकलं.

एल्के गंभीरपणे ऐकत होती. जर्मन माणूस दानसुद्धा अटी वाचून घेतं. तिनं विचारलं की अख्खी सुट्टी का, तिच्या आईलाही नातवंडं हवीत. मग पोरं झोपतील त्या खोलीची खिडकी रात्री उघडी राहील का, असं विचारलं. स्तामेन्का म्हणाली, गोठ्यात झोपव मग. बरीच घासाघीस झाली. शेवटी खिडकी उघडी पण दार बंद, आणि सुट्टीतला एक आठवडा दुसऱ्या आजीला, यावर दोघी आल्या. जी पोरं अजून जन्माला यायची होती त्यांच्या डोक्यावरच्या टोप्यांचंही ठरलं.

मग स्तामेन्कानं काचेवर टिचकी मारून लेकाला आत बोलावलं. “रादिशा, मी तुला हे सगळं म्हणाले होते की नाही?”

त्यानं आईकडे पाहिलं, एल्केकडे पाहिलं, मग कोस्ताकडे, जो छताकडे पाहत होता. “म्हणाली होतीस,” तो म्हणाला.

फिलाख आलं. एल्के खाली उतरली, फलाटावरून सगळ्यांसाठी गार लिंबूपाणी घेऊन परत चढली. स्तामेन्कानं ते घेतलं, तळहातात धरून कोमट केलं आणि मग प्यायली.

गाडी पुन्हा निघाल्यावर ती पाय मोकळे करायला बोळात गेली. रादिशा मागोमाग आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. दोघं बाहेरची गवताची उतरण बघत होती.

“आई,” तो म्हणाला, “चुन्याचं तू मला कधी म्हणाली होतीस?”

“दोन वर्षांत येतो असं तू म्हणालास ना, तेव्हाच.”

स्तामेन्कानं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, जी नीटच होती, आणि आत येऊन आपल्या जागी बसली. झागोर्का तिच्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाली, “एसेनला माझी सून आहे. मी माझ्या मुलाला काय काय म्हणाले होते असं तिला सांगू, ते जरा सुचवा.” स्तामेन्का म्हणाली, बघू, बेलग्रेड लांब आहे.

मग बोगदा आला. या डोंगराच्या एका अंगाला परका मुलुख, दुसऱ्या अंगाला आपला. कुणीतरी दिव्याचं बटण बंद ठेवलं होतं आणि ते लावायला कुणी उठलं नाही. अंधारात चाकांचा आवाज मोठा झाला, जवळ आला, त्याच्याखाली दुसरा कुठलाही आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता. स्तामेन्का तेवढ्यात रडली. वरच्या मजल्यासाठी, विटलेल्या पडद्यांसाठी, त्या घरात आता कुणी राहायला येणार नव्हतं त्यासाठी, मोकळ्या तोंडानं, कुणाला न सांगता. बोगदा लांब होता. तिला तो पुरला.